आंकड्यांच्या प्रदेशांतील विमानप्रवास

गेल्या कांहीं वर्षांत शिकल्यासवरल्या घरांतून एका नव्या प्रकारच्या चित्रपटांचा परिचय वाढला आहे. अंधाऱ्या पडद्यावर प्रथम एखादा ठिपका दिसतो. तो हळूहळू वाढत जातो. पाहतां पाहतां आपण त्याच्या आंत शिरतों, झिरझिरीत धुक्यामधून, ताऱ्यांच्या थव्यांमधून, दऱ्यांच्या कडेकडेनें पुढें सरकतों, आणि दोन-तीन मिनिटांत पलीकडे बाहेर पडतों. सोबत संथ वाद्यसंगीत असतें. मुलें श्वास रोखून पाहतात, वडील मंडळी शास्त्राच्या करामतीस मान डोलावितात, आणि चित्रपट संपतो. इंग्रजींत ह्यास फ्लाय-थ्रू म्हणतात. आम्ही ह्या लेखापुरतें त्यास ‘उड्डाणपट’ म्हणूं. खरा कॅमेरा येथें कोठेंच गेलेला नसतो. यंत्रांनीं केलेल्या मोजमापांचा जो प्रचंड संग्रह, ज्यास आतां सर्वत्र डेटा म्हणतात, त्यापासून संगणकानें एक प्रदेश उभा केलेला असतो, आणि त्या प्रदेशांतून एक कल्पित कॅमेरा फिरविलेला असतो.

ह्या चित्रपटांचें कौतुक पुष्कळ होतें. त्यांची टीका मात्र आमच्या पाहण्यांत क्वचितच येते. शास्त्राचे अभ्यासक त्यांकडे पुस्तकांतील आकृतीसारखें पाहतात, आणि आकृति बरोबर आहे एवढी खात्री झाली कीं थांबतात. कलेचे अभ्यासक हें शास्त्राचें काम म्हणून बाजूला राहतात. ह्या दोहोंच्या मधल्या जागेंत उड्डाणपट बिनबोभाट वाढत आहे, आणि सामान्य माणसाची विश्वाविषयींची कल्पना पुस्तकापेक्षां त्याच्यावरूनच अधिक बनूं लागली आहे. आमच्या मतें उड्डाणपट हा कथनाचाच एक प्रकार होय. काय दाखवावें, कोणत्या क्रमानें दाखवावें, कोठें रेंगाळावें आणि काय वगळावें हें ठरविणारा कोणी तरी असतो. तो पडद्यावर दिसत नाहीं एवढेंच. जेथें निवेदक आहे तेथें त्याच्या सचोटीचा प्रश्न आलाच.

हे चित्रपट तयार कसे होतात हें थोडें जाणल्यावांचून त्यांचा न्याय करतां येणार नाहीं. आभासी वास्तव, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, हें साधन आतां संशोधकांच्या टेबलावर येऊन बसलें आहे. डोळ्यांवर हेडसेट चढविला कीं त्यांतील दोन भिंगांतून दोन डोळ्यांस किंचित् भिन्न अशीं दोन चित्रें दिसतात, आणि त्यांच्या मिलाफानें खोलीचा प्रत्यय येतो. मान वळविली कीं देखावाहि त्याप्रमाणें वळतो. हातांत धरलेल्या यंत्रांनीं समोरचा आंकड्यांचा ढग उचलतां येतो, फिरवितां येतो, फुगवितां येतो, त्यांत डोकें घालून आंतली बाजू पाहतां येते. पण हा अनुभव एका वेळीं एकाच माणसाचा. तो सभेंत दाखवावयाचा किंवा घरोघर पोहोंचवावयाचा, तर त्याचा व्हिडिओ करावा लागतो. हेडसेट घातलेल्या माणसाच्या मानेची हालचाल जशीच्या तशी टिपली तर पाहणारास भोंवळ येते. स्वतःच्या मानेचे बारीक हिसके ज्याचे त्यास जाणवत नाहींत, दुसऱ्याच्या मानेचे मात्र असह्य होतात. म्हणून दिग्दर्शक वाटेवरील थोड्याच जागा निश्चित करतो: येथें कॅमेरा असावा, त्याचें तोंड इकडे असावें, येथून तेथवर जाण्यास इतके सेकंद लागावे. ह्या जागांना की-फ्रेम म्हणतात. मधली सर्व वाट संगणक भरून काढतो, आणि ती गुळगुळीत वक्ररेषेनें भरतो. ह्या वक्ररेषेचें स्प्लाइन हें नांव जहाजें बांधणाऱ्यांच्या कारखान्यांतलें आहे. लांकडाची लवचिक पट्टी कांहीं ठिकाणीं वजनांनीं दाबून धरली कीं ती आपोआप एक डौलदार बांक घेते. त्यावरून ते कारागीर जहाजाच्या कुशीचा आकार आंखीत. उड्डाणपटांतील जी सहजता आपल्याला मोहविते ती ह्या पट्टीची आहे. तेथें कोणी सहज हिंडलेला नाहीं.

आणि उड्डाण हवेंच कशाला, असेंहि कोणी विचारील. त्याचें उत्तर आहे, आणि तें चांगलें आहे. सपाट पडद्यावर दोन डोळ्यांनीं मिळणारी खोली नाहींशी होते. घन वस्तु असत्या तर पुढची मागचीला झांकते एवढ्यावरून तरी अंदाज बांधतां आला असता; परंतु हे ढग अर्धपारदर्शक असतात, तेथें तोहि आधार लंगडा पडतो. उरते ती हालचाल. आगगाडीच्या खिडकींतून पाहतांना तारांचे खांब झपाट्यानें मागें पळतात, शेतांतलीं झाडें सावकाश सरकतात, आणि दूरचा डोंगर जागचा हालत नाहीं. ह्या फरकावरून मन अंतर ताडतें. उड्डाणपटाचा सर्व प्राण ह्या एका गोष्टींत आहे. व्हिडिओ थांबविण्याची कळ असते हें खरें. परंतु ती दाबतांच खोली मावळते आणि समोर एक चपटें चित्र राहतें. म्हणजे जो थांबून विचार करूं पाहतो त्याच्या हातून विचाराचा विषयच निसटतो. हेडसेट घातलेल्या संशोधकाला संशय आला तर तो मागें वळून, वस्तूच्या पाठीमागें जाऊन पाहूं शकतो. व्हिडिओ पाहणाराला तें स्वातंत्र्य नाहीं. त्यानें तें दिग्दर्शकाच्या स्वाधीन केलें आहे, आणि मोबदल्यांत त्याला कांहीं तरी मिळालें पाहिजे.

काय मिळालें पाहिजे ह्याचा विचार करतांना आम्हांस कालिदासाची आठवण होते, आणि ती केवळ विमानाच्या साम्यामुळें नव्हे. रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत राम पुष्पक विमानांतून सीतेला लंकेहून अयोध्येस घेऊन येतो. विमान कोठून जावें हें सीतेच्या हातीं नाहीं. पण दाखविणारा तिच्या शेजारीं बसला आहे, आणि खालून सरकणाऱ्या प्रत्येक स्थळाची ओळख तो करून देत आहे. शाकुंतलाच्या सातव्या अंकांत तर ह्याहून मार्मिक प्रकार आहे. दुष्यंत इंद्राच्या रथांतून पृथ्वीवर उतरत आहे. डोंगर वर येत आहेत, भूमि त्यांच्या शिखरांवरून खालीं घसरत आहे, असें त्याला दिसतें. परंतु हें आश्चर्य वेगानें उतरण्यामुळें दिसत आहे हें तो स्वतःच आधीं सांगून टाकतो, आणि जें दिसतें त्याला ‘इव’ हा शब्द जोडतो. ‘इव’ म्हणजे ‘जणूं’. आमच्या साहित्यशास्त्रानें ह्या लहानशा शब्दावर उत्प्रेक्षा नांवाचा एक अलंकारच उभारला आहे. ‘जणूं’ असला कीं कवि कितीहि दूर गेला तरी त्याच्यावर खोटेपणाचा आरोप येत नाहीं, कारण वाचकाच्या हातीं परतीचा दोर राहिलेला असतो. उड्डाणपटाच्या व्याकरणांत ‘जणूं’ ला शब्द नाहीं, ही त्याची मुख्य अडचण होय. कॅमेरा जें दाखवितो तें ‘आहे’ असेंच म्हणून दाखवितो.

ह्या अडचणीचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण शुक्राचें आहे. अमेरिकेचें मॅगेलन यान १९८९ च्या मे महिन्यांत निघालें, १९९० च्या ऑगस्टांत शुक्राभोंवतीं फिरूं लागलें, आणि १९९४ पर्यंत त्यानें त्या ग्रहाच्या सुमारें ९८ टक्के पृष्ठभागाचें रडारनें मोजमाप घेतलें. शुक्रावर दाट ढगांचें आवरण कायमचें असल्यामुळें साध्या कॅमेऱ्यास खालचें कांहीं दिसत नाहीं. रडारच्या लहरी तें आवरण भेदून जातात. हें काम थोर आहे ह्यांत शंका नाहीं. पासाडेना येथील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीनें ह्या मोजमापांपासून जे उड्डाणपट केले ते जगभर गाजले. त्यांत नारिंगी आकाशाखालीं उंच उंच सुळके उभे आहेत, कॅमेरा त्यांच्या अंगावरून झेप घेतो आणि खोल दऱ्यांत उतरतो. परंतु त्या गाजलेल्या दृश्यांत उंची २२.५ पट ताणलेली आहे. गुला मॉन्स हा शुक्रावरील ज्वालामुखी सुमारें ३ किलोमीटर उंच. त्यास ह्या मापानें ताणलें तर तो ६७ किलोमीटरांच्या वर जातो. अवघ्या एका अंशाचा उतार, जो चालणाराच्या पायांस जेमतेम जाणवेल, तो ह्या हिशेबानें एकवीस अंशांचा चढ होतो. वास्तविक शुक्राचा बहुतेक भाग लाव्हाच्या सौम्य मैदानांचा आहे. चित्रपट पाहून उठलेल्या माणसाच्या मनांत मात्र सुळक्यांचा देश ठसतो.

रंगाची आणि प्रकाशाचीहि तीच कथा. नारिंगी छटा सोव्हिएत रशियाच्या व्हेनेरा १३ व १४ ह्या यानांनीं १९८२ मध्यें शुक्रावर उतरून पाठविलेल्या चित्रांवरून घेतली. तिला आधार आहे. परंतु रडारच्या चित्रांत जें उजळ दिसतें तें बहुधा खडबडीत असतें आणि जें काळें दिसतें तें गुळगुळीत. तेथें ऊन आणि सांवली ह्यांचा संबंध नाहीं. कॅमेरा उडूं लागला कीं आपला डोळा त्या उजेडाचें ऊन करून टाकतो. १९९२ मध्यें डेव्हिड मॉरिसन ह्या अमेरिकन ज्योतिर्विदानें ह्या ताणलेल्या दृश्यांविरुद्ध उपरोधानें ‘सपाट-शुक्र मंडळा’ची हाक दिली. पृथ्वी सपाट मानणाऱ्यांच्या मंडळावरून केलेली ही थट्टा आम्हांस फार आवडते. मात्र तिच्या पोटांत जो गंभीर आक्षेप आहे तो थट्टेबरोबर विसरला जाऊं नये.

ह्यावर उत्तर ठरलेलें असतें: किती पट ताणलें हें चित्राखालीं लिहिलेलें होतें. होतें, हें आम्हांस मान्य आहे. पण चित्र गांवोगांव फिरतें आणि त्याखालची ओळ घरींच राहते, हा सर्वांचा अनुभव आहे. दुसरें उत्तर अधिक विचार करण्याजोगें आहे. न ताणतां कांहीं दिसलेंच नसतें. शाळेंतल्या उठावाच्या नकाशांतहि सह्याद्रि ताणलेलाच असतो, तेव्हां कोणी तक्रार करीत नाहीं. तक्रार करीत नाहीं, कारण उठावाचा नकाशा टेबलावर ठेवून वरून पाहावयाचा असतो. आपण सह्याद्रि चढून आलों असें त्यावरून कोणासहि वाटत नाहीं. उड्डाणपट मात्र नेमकें हेंच वाटावयास लावतो. तो डोळ्यांस पुरावा देऊन थांबत नाहीं, पोटांत गोळा आणून शरीराचीहि साक्ष काढतो. आणि शरीरानें दिलेली साक्ष एका ओळीच्या खुलाशानें पुसली जात नाहीं.

शुक्रावर ताणलें गेलें तें निदान अंतर होतें. आतां जें उदाहरण घेतों त्यांत अंतराच्या जागीं भलतीच राशि बसलेली आहे, म्हणून तें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. हैड्रोजनचा अणु २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ-लहरी सोडतो. त्यांची कंपनसंख्या सुमारें १४२० मेगाहर्ट्झ. व्हॅन दे हुल्स्ट ह्या डच शास्त्रज्ञानें १९४४ मध्यें हें भाकित केलें, आणि १९५१ मध्यें हार्वर्ड येथें त्या लहरी प्रत्यक्ष पकडल्या गेल्या. वायु आपल्याकडे येत असेल तर कंपनसंख्या किंचित् वाढते, दूर जात असेल तर घटते. ह्यावरून त्याचा वेग कळतो. रेडिओ-दुर्बीण आकाशाच्या एका तुकड्याचें प्रत्येक कंपनसंख्येस एक अशीं शेंकडों चित्रें काढते. तीं पत्त्यांच्या कॅटाप्रमाणें एकावर एक रचलीं कीं एक घन तयार होतो, ज्यास संशोधक डेटा-क्यूब म्हणतात. ह्या घनाच्या दोन बाजू म्हणजे आकाशांतल्या दोन दिशा. तिसरी बाजू म्हणजे खोली नव्हे. ती वेग आहे.

पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी रेडिओ-दुर्बीण आहे तिच्यांतूनहि असेच घन निघतात. तेव्हां हा प्रश्न आपल्या अंगणापासून फार दूरचा नाहीं. परंतु हे घन आभासी वास्तवांत उभे करून त्यांत हातानें काम करण्याची उत्तम सोय दक्षिण आफ्रिकेंत झाली. तेथील कारूच्या माळरानांत १३.५ मीटर व्यासाच्या ६४ तबकड्यांची मीरकॅट ही दुर्बीण २०१८ मध्यें सुरू झाली, आणि तिच्या घनांचा ढीग उपसण्यासाठीं केपटाउन येथील संशोधकांनीं इटलींतील सहकाऱ्यांसह ‘आयडाव्ही’ नांवाची प्रणाली तयार केली. तिच्यांत संशोधक घनाच्या आंत उभा राहतो, बोलून आज्ञा देतो, आणि स्वयंचलित गणितास जो फिका वायु सुटून गेला तो हातानें रंगवून नोंदवितो. हें खरें उपयोगाचें काम आहे. मानवी डोळा विरळ धुक्यांतला आकार गणितापेक्षां कित्येकदां अगोदर ओळखतो, आणि त्या ओळखण्यास वाव मिळावा हें योग्यच आहे.

अडचण सुरू होते ती ह्या घनांतून कॅमेरा उडवून व्हिडिओ बाहेर पाठविल्यावर. दीर्घिका ही बहुधा तबकडीसारखी चपटी असून फिरत असते. तिची एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते. घनांत ह्या दोन बाजू तिसऱ्या अक्षाच्या दोन टोकांकडे खेंचल्या जातात, आणि चपट्या तबकडीच्या जागीं एक पिळलेली लांबट आकृति दिसते. कॅमेरा त्या पिळांतून डौलानें जातो. पाहणारास वाटतें, आपण दीर्घिकेच्या आंतून गेलों. प्रत्यक्षांत तो दीर्घिकेच्या गतींतून गेला. अवकाशांत परस्परांपासून दूर असलेले दोन मेघ, वेग सारखा असेल तर, ह्या घनांत एकाच पातळीवर येतात; आणि शेजारी शेजारी असलेले दोन मेघ वेग भिन्न म्हणून लांब जाऊन बसतात. शिवाय हा तिसरा अक्ष किती लांब धरावा ह्यास निसर्गांत कांहीं प्रमाण नाहीं. एका सेकंदास एक किलोमीटर हा वेग म्हणजे किती अंश? प्रश्नच निरर्थक आहे. दिग्दर्शकाच्या डोळ्यांस जें शोभलें तें प्रमाण. शुक्राची उंची २२.५ पट ताणली असें म्हणतां तरी येत होतें. येथें किती पट हेंहि म्हणतां येत नाहीं.

मग हे उड्डाणपट करूंच नयेत कीं काय? आमचें मत तसें मुळींच नाहीं, आणि त्याचें कारणहि ज्योतिःशास्त्रांतच आहे. दीर्घिकांचे मोठे नकाशे करतांना त्यांचें अंतर बहुधा त्यांच्या दूर जाण्याच्या वेगावरून काढतात. परंतु दीर्घिकासमूहांतील दीर्घिका एकमेकींच्या ओढीनें इकडे तिकडे धांवत असतात, आणि त्यांचा हा खासगी वेग सेकंदास हजार किलोमीटरांच्या घरांत जाऊं शकतो. विश्वाच्या प्रसरणाचा जो दर आज धरतात त्या हिशेबानें एवढ्या वेगाची चूक म्हणजे अंतरांत सुमारें साडेचार कोटि प्रकाशवर्षांची चूक. समूह स्वतः एक कोटि प्रकाशवर्षांच्या आंतबाहेर असतो, आणि नकाशांत तो लांब सुईसारखा ताणला जातो. ह्या सुयांना ज्योतिर्विदांनीं ‘ईश्वराचीं बोटें’ असें नांव दिलें आहे. कॅमेरा पृथ्वीच्या जागीं ठेवून सरळ पुढें पाहिलें तर हीं बोटें दिसतच नाहींत. तीं टोंकाकडून पाहिलेल्या सुयांप्रमाणें ठिपके होऊन राहतात. परंतु कॅमेरा तेथून उचलून दूर एका बाजूस नेला कीं चमत्कार होतो. सर्व बोटें एकाच बिंदूकडे रोखलेलीं दिसतात, आणि तो बिंदु म्हणजे आपण. सगळें विश्व आपल्याकडे बोट दाखवीत आहे हें संभवनीय नाहीं; तेव्हां दोष विश्वांत नसून मापण्याच्या पद्धतींत आहे, हें शाळेंतल्या मुलालाहि एका दृष्टिक्षेपांत पटतें. जें पटविण्यास पुस्तकांत चार पानें लागतात तें येथें कॅमेऱ्याच्या एका वळणानें होतें. म्हणजे कॅमेऱ्याला ‘जणूं’ म्हणतां येत नाहीं हें आमचें वरचें विधान थोडें सुधारून घ्यावें लागेल: तो आपली जागा सोडावयास तयार असेल तर त्याला तें म्हणतां येतें.

हे धैर्य सर्वांस होत नाहीं. २०१४ च्या सप्टेंबरांत ब्रेंट टली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं आपली आकाशगंगा ज्या महासमूहांत मोडते त्याची मर्यादा आंखून त्यास लानिआकेआ हें हवाई भाषेंतलें नांव दिलें. नांव सुंदर आहे. त्याचा अर्थ विशाल आकाश. सुमारें आठ हजार दीर्घिकांच्या गतींवरून केलेलें हें काम भक्कम आहे, आणि त्याबरोबरचा चित्रपट ह्या प्रकारांतील उत्कृष्ट कृतींपैकीं एक आहे. पन्नास कोटि प्रकाशवर्षें रुंदीच्या प्रदेशांत प्रवाहाच्या रेषा नद्यांच्या पाणलोटाप्रमाणें एका खोऱ्याकडे वाहतांना दिसतात. पण त्या रेषा काढण्यापूर्वीं विश्वाच्या प्रसरणाचा वेग वजा केलेला असतो. ती वजाबाकी परत मिळविली तर बहुतेक दीर्घिका त्या खोऱ्याकडे न जातां एकमेकींपासून दूरच जात आहेत. लानिआकेआ कालांतरानें विस्कटून जाणार आहे. निवेदनांत हें कळतें, तथापि डोळा नदी पाहून चुकलेला असतो. ही वजाबाकी पडद्यावर होतांना एकदां तरी दाखविली असती तर आम्ही ह्या चित्रपटास निःशंक पहिलें स्थान दिलें असतें. मृग नक्षत्रांतील तेजोमेघाच्या २०१८ च्या उड्डाणपटाविषयीं येथें एवढेंच म्हणतों कीं, त्यांतील खोली दुर्बिणीच्या सपाट चित्रांवर शास्त्रज्ञांच्या ज्ञानानें आणि कलावंताच्या हातानें मिळून घडविलेली आहे. करणारांनीं तें लपविलेलें नाहीं, पण पाहतांना ज्ञान कोठें संपतें आणि हात कोठें सुरू होतो हें कळण्यास मार्ग नाहीं.

वेगाचाहि विचार कोणी फारसा करीत नाहीं. एक प्रकाशवर्ष दहा सेकंदांत ओलांडणारा कॅमेरा प्रकाशाच्या तीस लक्ष पटींहून अधिक वेगानें जात असतो. त्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं, कारण त्याहून सावकाश गेल्यास पाहणारा म्हातारा होईल. पण वेग वाटेंत गुपचूप बदलला, आरंभीं मंद, मध्यें अचाट आणि शेवटीं पुन्हा मंद, म्हणजे अंतरांचें परस्पर प्रमाण बिघडतें. आणि सौंदर्यासाठीं असा बदल करण्याची रूढि सर्वत्र आहे. चार्ल्स व रे ईम्स ह्या दांपत्याचा १९७७ चा ‘पॉवर्स ऑफ टेन’ हा लघुपट ह्या बाबतींत अजूनहि सर्वांस धडा घालून देतो. शिकागोच्या तळ्याकांठीं वनभोजनास आलेल्या दोन माणसांपासून कॅमेरा सरळ वर उठतो, आणि दर दहा सेकंदांस दृश्याची रुंदी दसपट होते. तो कोठेंहि वळत नाहीं, रेंगाळत नाहीं, आणि अंतराचे आंकडे सतत डोळ्यांसमोर राहतात. फिलिप मॉरिसन ह्या शास्त्रज्ञाचा आवाज सोबतीस असतो. (शुक्राच्या बाजूनें भांडणारे मॉरिसन निराळे, आडनांव तेवढें एक.) नियम पहिल्या अर्ध्या मिनिटांत कळतो, तो शेवटपर्यंत पाळला जातो, आणि म्हणून आश्चर्य खरें वाटतें. त्या काळीं आजची साधनें नव्हतीं. नियम मात्र होता.

आभासी वास्तवानें आतां जी सोय दिली आहे तीहि ह्याच कामीं लावतां येईल. घनाचा तिसरा अक्ष तेथें हातानें ताणतां आणि आवळतां येतो. पूर्ण आवळला कीं घन नाहींसा होऊन दीर्घिकेचें नेहमींचें सपाट चित्र उरतें. सोडला कीं पुन्हा पीळ उलगडूं लागतो. संशोधक हें दिवसांतून अनेकदां करीत असेल, आणि त्यामुळें आपण काय पाहत आहों ह्याविषयीं त्याचा घोंटाळा होत नाहीं. व्हिडिओ करतांना मात्र नेमकी हीच क्रिया कापून टाकली जाते, कारण ती तयारीची वाटते, कथेची वाटत नाहीं. आमच्या मतें कथेचा तोच गाभा आहे. खोडदच्या एखाद्या घनावर उद्यां कोणी मराठींत उड्डाणपट केला, तर त्याचा आरंभ सपाट चित्रानें व्हावा. मग पडद्यावर ताणणारा हात दिसावा, तबकडीचा पीळ आपल्या डोळ्यांदेखत निघावा, आणि तिसऱ्या कडेवर ‘वेग’ एवढाच शब्द असावा, जो कॅमेरा कोठेंहि गेला तरी त्याच्याबरोबर फिरत राहील. त्याप्रमाणें शुक्राचें मैदान प्रथम आहे तसें दिसावें आणि मग २२.५ पट उठावें. ह्यास प्रत्येक चित्रपटांत सहा-सात सेकंद अधिक लागतील, आणि संगीत तेवढा वेळ थांबवावें लागेल.